इटालियन सहकाऱ्यांशी पहिला परिचय

चि. भाचीस,

मिलानमधील कार्यालयात रुजू होण्यापूर्वी परिचयाची इटालियन वाक्ये पाठ करणे योग्यच आहे. परंतु त्याहून आधी 'तू' आणि 'लेइ' ही दोन सर्वनामे नीट समजून घ्यावीत, कारण सहकाऱ्यांमधील अंतर किंवा जवळीक त्यांच्या निवडीवरून ठरते. 'तू' हे उच्चाराने व अर्थाने मराठीतल्यासारखेच आहे. 'लेइ' म्हणजे शब्दशः 'ती'. समोरच्या व्यक्तीस थेट न संबोधता तिच्या 'सिन्योरिया'चा, म्हणजे थोरवीचा, उल्लेख करण्याची जुनी रीत होती आणि तो शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे पुरुषासही आदराने 'लेइ' म्हटले जाते. 'साहेबांनी चहा घ्यावा' असे साहेबांनाच म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही तृतीयपुरुषी अदब परकी वाटू नये.

हे सर्वनाम इतके रुजलेले आहे, की 1938 मध्ये फॅसिस्ट राजवटीने 'लेइ'ऐवजी 'वोइ', म्हणजे 'तुम्ही', वापरण्याची सक्ती केली, तरी राजवट कोसळल्यावर 'लेइ' पुन्हा प्रचारात आलेच. मराठीत ज्याला अहो-जाहो करणे म्हणतात त्याला इटालियनमध्ये 'दारे देल लेइ' म्हणतात आणि अरे-तुरे करण्याला 'दारे देल तू'. एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी 'ची द्यामो देल तू?', म्हणजे 'एकमेकांना तू म्हणू या का?', असे विचारण्याचा रिवाज आहे आणि हा प्रस्ताव वयाने वा अधिकाराने मोठ्या व्यक्तीकडून यावा, असा संकेत आहे. अनेक कार्यालयांत समवयस्क सहकारी पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणतात. तरीही नवागताने वरिष्ठांशी 'लेइ'नेच आरंभ करणे श्रेयस्कर.

पहिल्या भेटीत 'बुओन्जोर्नो' म्हणून हात पुढे करावा, आपले नाव सांगावे आणि 'पियाचेरे' म्हणावे. त्याचा मूळ अर्थ 'आनंद' असा असून परिचयाच्या वेळी तो एकच शब्द पुरेसा होतो. 'चाव' हा लोकप्रिय शब्द 'आपला दास' अशा अर्थाच्या व्हेनिसच्या बोलीतील शब्दापासून आला असला, तरी आज तो सलगीचा आहे, म्हणून वरिष्ठांना उद्देशून तो लगेच वापरू नये. नाव विचारताना अदबीने 'कोमे सी क्यामा?' आणि सलगीने 'कोमे ती क्यामी?' म्हणतात. पुढे 'दि दोवे सेइ?' (मूळचा कुठला?), 'दि के कोसा ती ओक्कुपी?' (कामाचे स्वरूप काय?) आणि 'दा क्वांतो तेम्पो लावोरी क्वी?' (किती काळापासून येथे काम करतोस?) ही वाक्ये उपयोगी पडतात, ती तिन्ही 'तू'ची आहेत. शेवटच्या वाक्यात मराठीप्रमाणेच वर्तमानकाळ येतो, त्यामुळे मराठीतूनच विचार केल्यास ते सहज साधते.

निरोप घेताना कामाला लागणाऱ्या सहकाऱ्यास 'बुओन लावोरो', म्हणजे 'काम चांगले होवो', अशी सदिच्छा देतात. ज्या देशाच्या राज्यघटनेचे पहिलेच कलम प्रजासत्ताकाचा पाया श्रम हा आहे असे सांगते, तेथे या दोन शब्दांना विशेष शोभा आहे. भाची इतर वाक्ये विसरली तरी चालेल; 'लेइ'ची अदब आणि 'बुओन लावोरो'ची सदिच्छा मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी.



मामा