तळघरातला आवाज

माळव्यातल्या मराठी घरांत दोन भाषा सुखाने नांदतात. दारात हिंदी, स्वयंपाकघरात मराठी, आणि भांडण रंगात आले की दोन्ही! सीमाभागातील वाचकांना हे मी नव्याने सांगायला नको. आमच्या उज्जैनच्या माधवनगरातील घरात मात्र दोन वर्षांपूर्वी तिसरी भाषा आली. ती माझ्या भाच्याने आणली.

धाकटी बहीण गेली आणि तो आमच्याकडे राहायला आला. तेराव्यापर्यंत त्याच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते. पोरगा दगड झाला, असे नातेवाईक कुजबुजत. कॉलेज करी, सांगितलेले काम करी, आणि रात्री हेडफोन लावून बसे. आईचा विषय निघाला की उठून जाई. तीस वर्षे मुलांत काढलेल्या माणसाला एवढे कळते, की पोर बोलत नसेल तर ते काय ऐकते आहे, हे विचारावे. मी विचारले.

"मामा, तुम्हांला नाही आवडायचं. नुसती आरडाओरड आहे."

"दिवसभर शाळेत दुसरं काय ऐकतो मी? लाव."

त्या बँडचे नाव 'राइट्स ऑफ स्प्रिंग'. वॉशिंग्टन शहरातल्या चार तरुणांनी तो १९८४ मध्ये काढला. गाणारा गाय पिचोटो. सोबत एडी जॅनी, माइक फेलोज आणि ब्रेंडन कँटी. त्या शहरात तेव्हा 'हार्डकोर पंक' संगीताचा जोर होता. वेग अफाट, राग साऱ्या जगावर, आणि श्रोत्यांत धक्काबुक्की ठरलेली. ह्या चौघांनी वेग ठेवला, पण तोंड आत वळवले. हरवलेली माणसे, हातून निसटलेला काळ, स्वतःशीच चाललेले भांडण, हे त्यांचे विषय झाले.

फेब्रुवारी १९८५ मध्ये त्यांनी बारा गाण्यांची रेकॉर्ड केली, तीही एका राहत्या घराच्या तळघरात. डॉन झिएंटारा ह्या ध्वनिमुद्रकाने आर्लिंग्टन येथे आपल्या घराखालीच 'इनर इअर' स्टुडिओ थाटला होता. 'डिस्कॉर्ड' ह्या छोट्याशा कंपनीने ती रेकॉर्ड त्याच वर्षी काढली. कंपनीही त्याच कंपूतल्या पोरांनी उभारलेली. बँडचे जाहीर कार्यक्रम वीसही झाले नाहीत. १९८६ च्या आरंभी तो मोडलाच. पुढे अशा भावनाविवश गाण्यांना 'इमो' हे नाव पडले आणि त्याचे मूळ ह्या चौघांत शोधले गेले. त्यांना स्वतःला तो शब्द कधी रुचला नाही. पिचोटो आणि कँटी नंतर 'फुगाझी' बँडमध्ये गाजले.

आता ह्या गाण्याचा नाद. ड्रम धावत सुटतो, दोन गिटारी एकमेकींत गुंततात. पण त्या कल्लोळाखाली गुणगुणता येईल अशी चाल आहे. गाणाऱ्याचा श्वास संपतो तरी ओळ संपत नाही. तो तशीच ओढतो, शब्द फुटतो, आणि उरतो तो खरखरणारा गळा. गुळगुळीत मुद्रणात अशी जागा पुसली जाते. इथे ती तशीच आहे. बहुतेक गाणी दोन-तीन मिनिटांची. शेवटचे मात्र बरेच लांबते, जणू संपायलाच तयार नाही.

तिसऱ्यांदा ऐकताना मला देवास आठवले. आमच्यापासून देवास ३५-४० किलोमीटर. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, कन्नड घरातले शिवपुत्र कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व, १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेले असे तिथे आले. काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत. नव्या औषधाने प्राण वाचले, पण एक फुप्फुस कामातून गेले होते. पुन्हा गायला बसले तेव्हा स्वरांचे पुंजके छोटे, झेप अचानक आणि मधली शांतता बोलकी झाली होती. श्वासाची मर्यादा त्यांनी झाकली नाही. ती गायकीत घेतली.

ही बरोबरी नव्हे. एकीकडे जन्मभराची साधना, दुसरीकडे विशीच्या आसपासची दोन वर्षे. कुमारांच्या गळ्यात स्वर ढळत नाही. पिचोटोला त्याची फिकीरच नाही. पण आवाज जिथे अपुरा पडतो, ती जागा श्रोत्यापासून लपवायची नाही, हे दोन्हीकडे ऐकू येते.

एका रविवारी मी कुमारांचे निर्गुणी भजन लावले आणि भाच्याला बसवून घेतले. तो खाली मान घालून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "ह्यांना श्वास पुरत नाही का?"

मी क्षयाची हकीकत सांगितली. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "आईलाही शेवटी पुरत नव्हता. वाक्य अर्धंच राहायचं. मी तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायचो."

ती गेल्यानंतर आईविषयी तो बोललेले हे पहिले वाक्य. माझी पत्नी पोळ्या लाटत होती. तिचे लाटणे थांबले. आम्ही कोणी काही बोललो नाही. भजन संपेपर्यंत तसेच बसलो.

आपल्या सीमेवरच्या घरांत मुले भाषा विसरतात, ही काळजी आपण नेहमी करतो. मीही शाळेतल्या भाषणांतून ती बोलून दाखवतो. पण दुःख सांगायला मुलाला कोणती भाषा सापडते, हे आपण ठरवू शकत नाही. माझ्या भाच्याला ती त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी, सातासमुद्रांपलीकडच्या एका तळघरात नोंदवून ठेवलेली सापडली. तिथे जाऊन बसावे लागले म्हणून आमच्या मराठीचे काही कमी झाले नाही.

त्या गाण्यांतले निम्म्याहून अधिक शब्द मला अजून उमगत नाहीत. मग भाच्याला अर्थ विचारतो, आणि तो मला मराठीत समजावून सांगतो.