जुनी गाडी आहे, गळणारच

"जुनी गाडी आहे, गळणारच." सात वर्षं झाली, हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. बोलणाऱ्याने माझ्याकडून १,१८० डॉलर घेतले होते आणि तेल तसंच गळत होतं.

गाडी १९९१ची माझदा मियाटा. लाल, दोन माणसांची, कापडी टपाची, दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर काढणारी. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची मजा, पण रस्त्यात दगा न देणारी, अशी ही गाडी जपान्यांनी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात आणली. १६०० सीसी, ११६ हॉर्सपॉवर. न्यू जर्सीत मी ती सेकंडहँड घेतली तेव्हा बायकोने एकच विचारलं, "आई-बाबा आले की त्यांना कुठे बसवणार?" त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

सुरुवातीची दुखणी किरकोळ होती. टपाच्या मागची पाणी जायची भोकं पानांनी तुंबून कार्पेट भिजलं; वायर घालून मोकळी केली. क्लचचं पेडल जमिनीला टेकलं. खालचा स्लेव्ह सिलिंडर गळत होता, तो बदलायला एक शनिवार लागला. सकाळी इंजिन टकटक करायचं, ते तेल बदलल्यावर थांबलं. एवढ्यावर मी स्वतःला मिस्त्री समजायला लागलो होतो.

मग गाडीखाली काळे डाग दिसायला लागले. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, बरोबर त्या सांध्याखाली. रोज सकाळी रुपयाएवढा डाग. मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी ती लिफ्टवर चढवली, टॉर्च मारला आणि म्हणाले, क्रँकशाफ्टच्या मागचं सील गेलंय. म्हणजे रिअर मेन सील. सील स्वतः स्वस्त असतं, पण तिथवर पोचायला प्रॉपेलर शाफ्ट, मागपर्यंत जाणारी फ्रेम, गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील, सगळं उतरवावं लागतं. चार दिवस गाडी तिथे होती. पैसे भरले, घरी आणली. दुसऱ्या आठवड्यात डाग परत. त्याच जागी, तेवढाच.

परत गेलो तेव्हा मालकाने लिफ्टसुद्धा वापरली नाही. काउंटरमागूनच वरचं वाक्य म्हणाला. हसून, अगदी गोड. भांडला असता तर बरं झालं असतं.

लहानपणीचं आमचं घर राजापूरजवळ, कौलारू. मिरगाआधी शाकारणी व्हायची, तरी एखादं कौल दगा द्यायचंच. माजघरात थेंब पडला की आम्ही पोरं बरोबर वरच्या कौलाकडे बोट दाखवायचो. आजोबा तिकडे बघायचेही नाहीत. शिडी लावून थेट आढ्याकडे जायचे. पाणी फुटक्या कौलातून आत येतं, वाशाला धरून ओघळतं आणि भलतीकडेच टपकतं. हे मला सहाव्या वर्षी माहीत होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी १,१८० डॉलर मोजताना आठवलं नाही.

शेवटी मी इंजिन डीग्रीझरने धुऊन वाळवलं. तेलात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारा रंग घातला, पंधरा मैल गाडी फिरवली आणि रात्री गॅरेजचा दिवा मालवून जांभळा टॉर्च मारला. खालचा सांधा हिरवापिवळा चमकत होता, अपेक्षेप्रमाणे. पण ती रेघ वरून येत होती. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आत सारला. सगळ्यात वरचा ओला ठिपका इंजिनाच्या हेडच्या मागे, फायरवॉलला लागून, कॅम अँगल सेन्सरच्या बुडाशी. ठिणगी केव्हा पाडायची हे कॉम्प्युटरला कळवणारा हा सेन्सर. त्याच्या गळ्यात एक रबरी ओ-रिंग असते. वर्षानुवर्षं इंजिनाची धग खाऊन ती प्लास्टिकसारखी कडक होते, मग तेल तिच्या बाजूने झिरपून मागच्या बाजूने उतरतं. हुबेहूब मागचं सील फुटल्यासारखं.

एक बोल्ट. फक्त तो अशा जागी की हाताची साल निघते. काढण्याआधी सेन्सर आणि हेडवर मिळून टोकदार खिळ्याने एक खूण करायची, म्हणजे परत त्याच जागी बसवता येतो. तरी नंतर टायमिंग तपासावंच: डायग्नॉस्टिक बॉक्समधली टीईएन आणि जीएनडी ही टोकं वायरीने जोडायची आणि टायमिंग लाइटने दहा अंश आहेत का ते बघायचं. जुनी रिंग बाहेर काढली तर हातात तिचे दोन तुकडे झाले.

कोणाचीही जुनी गाडी तेल गाळत असेल तर माझं सांगणं एवढंच: आधी धुवा, मग बघा, आणि ओल जिथे सगळ्यात वर असेल तिथून सुरुवात करा. मेकॅनिकला "दुरुस्त करा" म्हणण्याआधी "कुठून येतंय ते दाखवा" म्हणा. दाखवत नसेल तर किल्ली परत मागा.

हे सगळं लिहायचं म्हणून परवा ते बिल शोधून काढलं. पहिल्याच ओळीत छापलंय: गिऱ्हाइकाची तक्रार, रिअर मेन सील गळते. म्हणजे सीलचं नाव आधी मीच घेतलं होतं. स्लेव्ह सिलिंडर बदलल्याच्या तोऱ्यात मीच निदान करून गेलो होतो आणि त्यांनी मान डोलावली. मग चूक कोणाची? रात्रभर ते बिल टेबलावर होतं. सकाळी वाटलं, पेशंट म्हणाला अपेंडिक्स आहे म्हणून डॉक्टर पोट फाडत नाही. दुपारपर्यंत तेही तितकंसं पटेना. फुकटचं ज्ञान घेऊन काउंटरवर उभं राहणारी माझ्यासारखी माणसं त्याने त्या दिवशी किती पाहिली असतील कोण जाणे.

ओ-रिंग तीन डॉलरला मिळाली होती. गाडीखालची फरशी आजही कोरडी आहे.