कुंझुमच्या वाटेवर आईची पाठ

आईनं खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते. डाव्या-उजव्या अंगाला बर्फाचे कडे उभे होते, खाली चंद्रा नदी दगडांवर आपटत धावत होती. मनालीतून निघताना ‘मी एकही डोंगर सोडणार नाही’ म्हणणारी आई आता काहीच बघत नव्हती. ‘बस्स गं, पुढे नको,’ एवढंच ती म्हणाली आणि माझ्या पोटात गोळा आला.

ही गोष्ट सप्टेंबर २०२२ मधली. हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला जायचं आमचं किती वर्षांपासून चाललं होतं. आईचं वय अडुसष्ट, त्यात कमरेच्या मणक्याचं जुनं दुखणं. डॉक्टरांनी पट्टा दिला, जायला परवानगीही दिली, फक्त म्हणाले, ‘धक्के तेवढे टाळा.’ स्पितीला जायचं आणि धक्के टाळायचे, म्हणजे आषाढात कोकणात जाऊन भिजायचं नाही म्हणण्यासारखंच!

डांबर संपतं तिथून

मनालीपासून सुरुवात मोठी सुखाची असते. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगचा घाट न चढता लाहौलमध्ये उतरता येऊ लागलं. पण बोगद्याबाहेर पडून कोकसरमार्गे ग्रांफूला पोचलो आणि काझाच्या वाटेला लागलो, तशी रस्त्याची तऱ्हाच बदलली. मध्येच डांबर संपलं. छत्रू, छोटा दरा, बातल ही ठिकाणं एकेक करून येतात, पण त्यांच्यामधला रस्ता म्हणजे नदीकाठचे गोटेच. ठिकठिकाणी वितळलेल्या बर्फाचे ओढे आडवे येतात आणि दुपारनंतर त्यांचं पाणी चढतं. म्हणून ड्रायव्हर मंडळी पहाटे निघायची घाई करतात.

आम्ही भाड्यानं घेतलेली गाडी दिसायला दणकट होती. सीटही चांगली जाड, मऊ. आईला पाय पसरता यावेत म्हणून आम्ही तिला अगदी मागच्या सीटवर बसवलं होतं. टपावर बॅगा, मागे पाण्याचे दोन कॅन. आम्हाला वाटलं, आपण सगळा विचार केलाय!

बातलचा चहा

बातलच्या ढाब्यावर थांबलो. आई बाकावर आडवी झाली. ड्रायव्हर गाडीखाली वाकला आणि मला हाक मारून म्हणाला, ‘देखो दीदी, शॉकअप का तेल निकल गया.’ मागच्या उजव्या चाकाजवळची नळी तेलानं माखली होती आणि त्यावर धुळीचा चिखल बसला होता.

मग चहा पिता पिता त्यानं मला जे समजावलं, ते मी आजवर कधी लक्षातच घेतलं नव्हतं. आपण सगळे समजतो की धक्का स्प्रिंग खाते. खरं आहे, पण अर्धंच. स्प्रिंग धक्का घेते आणि लगेच परत करते. चाक दगडावर चढलं की ती दबते, उतरलं की उसळते, पुन्हा दबते. तिला थांबवायचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं आणि तेलात दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोकं असतात. त्यातून तेल जोरानं ढकललं जातं, त्यातच उसळीची ताकद खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. खराब रस्त्यावर तासभर चालल्यावर शॉकअप हाताला चटका देतो, तो यामुळेच.

तेल गेलं की उसळी आवरणारं कुणी उरत नाही. पहिल्या खड्ड्यानंतर गाडी शांत व्हायच्या आतच दुसरा खड्डा येतो. शेवटी स्प्रिंग पूर्ण दबते, चाकाचा दांडा वरच्या रबरी ठोकळ्यावर ‘धाड्’ करून आदळतो आणि तो हादरा थेट मणक्यात शिरतो.

हा ‘धाड्’ तर वाईटच, पण सतत थरथरही कमी वाईट नाही. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणारे वर-खाली हादरे फार लागतात. चांगली गाडी सेकंदाला एक-दीड वेळाच, झोपाळ्यासारखी, हलते. सीट कितीही मऊ असली तरी खालची ही घडी बिघडली, तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

दणकट गाडी म्हणजे आरामाची गाडी, हाही आपला गैरसमज. जुन्या जीप आणि जिप्सींना पोलादी पाटे असत. एकावर एक रचलेले हे पाटे ओझं वाहण्यात पक्के, पण रिकामी गाडी त्यांच्यावर टणाटणा उडते. वेटोळ्यांची कॉइल स्प्रिंग धक्का जास्त सहजपणे झेलते. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारला मागेही पाट्यांऐवजी कॉइल दिली गेली, ती उगीच नव्हे. आईनं पडल्या पडल्या ऐकून शेरा मारला, ‘आमच्या लहानपणी बैलगाडीला यातलं काहीच नव्हतं. कडबा पसरायचा आणि देवाचं नाव घ्यायचं!’ ती बोलली, तेव्हा मला जरा धीर आला.

जागा बदलली

नवा शॉकअप काझाशिवाय मिळणार नव्हता. परत फिरावं तर तेच गोटे. ड्रायव्हर म्हणाला, ‘माताजी को बीच में बिठाओ.’ सी-सॉवर टोकाचं मूल उंच उडतं आणि मधलं जागेवर राहतं, तसंच गाडीचं असतं. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये हादरा कमी, मागच्या चाकांवर आणि त्यामागे सर्वांत जास्त. आम्ही नेमकं आईलाच तिथे बसवलं होतं! टपावरच्या जड बॅगा आणि मागचे कॅन मधल्या सीटच्या पायाशी आले. टायरमधली हवा त्यानं थोडी कमी केली, म्हणजे बारीक खडीची थरथर टायरच गिळतो. डांबर लागल्यावर ती पुन्हा भरायची, हेही बजावलं. मग गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली.

साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंडीत पोचलो, तेव्हा दुपार कलली होती. तिथे कुंझुम मातेच्या मंदिराला गाडीनं प्रदक्षिणा घालायची रीत आहे. आईनं काचेआडूनच हात जोडले. लोसर मागे टाकून काझाला पोचेपर्यंत अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं मागचे दोन्ही शॉकअप बदलले. एकच का नाही? तर एक नवा आणि एक थकलेला असला की गाडी एका अंगानं वेगळी वागते. त्यानं एक साधी परीक्षाही दाखवली. गाडीचा कोपरा जोरानं दाबून सोडायचा. वर येऊन स्थिर झाली तर ठीक, झुलतच राहिली तर शॉकअप गेला. पुढच्या प्रवासात गाडी ठरवताना रंग आणि सीट बघण्याआधी तुम्हीही हे करून बघा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मधल्या सीटवर बसवा.

तीन दिवस काझात काढून, की गोम्पा बघून, आम्ही त्याच वाटेनं परतलो. रस्ता तोच, गाडी तीच, ड्रायव्हरही तोच. गाडी हलत होती, पण आदळत नव्हती. बातल गेलं, छोटा दरा आला. आई काचेला नाक लावून बसली होती. बराच वेळ बाहेर बघून तिनं मला विचारलं, ‘काय गं, जाताना ही नदी होती इथे?’