शुद्ध कशास म्हणावें?

रसायनशास्त्रांत 'शुद्ध' या शब्दाचा दरारा आमच्या आजीच्या सोंवळ्याहून कमी नव्हता. द्रव्य स्फटिकरूप झालें कीं तें शुद्ध, अशी तेथील समजूत. १९४० सालीं स्ट्राउब या हंगेरियन शास्त्रज्ञानें हृदयाच्या स्नायूंतून (नाक मुरडणाऱ्या वाचकांची क्षमा मागून पुढें जातों) लॅक्टेट डिहायड्रोजिनेज नांवाच्या एन्झाइमाचे स्फटिक मिळविले. प्राणवायु अपुरा पडूं लागला, म्हणजे साखर फुटून झालेल्या पायरुविक आम्लाचें लॅक्टिक आम्ल करून स्नायूंचें काम चालू ठेवणारें हें प्रथिन. स्नायु वाटून त्याचा अर्क काढावा, अमोनियम सल्फेट घालून प्रथिनें खालीं बसवावीं, विरघळवावीं, पुन्हां बसवावीं, असा हा चिकाटीचा उद्योग.

परंतु १९५२ सालीं नीलँड्स यांनीं असले स्फटिक विरघळवून विद्युत्प्रवाहाच्या कसोटीस लाविले, तों एकाऐवजीं दोन घटक! पुढें १९५५ सालीं स्मिथीज यांनीं या कामीं स्टार्चची घट्ट खळ योजिली. लहानपणीं आईनें कपड्यांसाठीं केलेली खळ निवून घट्ट होते, हें त्यांस आठवलें होतें. आमच्या भगिनीवर्गास ही हकीकत मुद्दाम कळविण्यासारखी आहे. त्याच खळीच्या थरावर मार्कर्ट व मोलर यांनीं निरनिराळ्या अवयवांचे अर्क तपासले आणि १९५९ सालीं जाहीर केलें, कीं एकाच एन्झाइमाचीं अनेक रूपें असतात व अवयवागणिक त्यांचें प्रमाण निराळें असतें. या एन्झाइमाचीं रूपें पांच.

हीं खरीं रूपें कीं नुसती भेसळ? १९६३ सालीं मार्कर्ट यांनीं टोंकाचीं दोन रूपें समभाग मिसळून मिठाच्या पाण्यांत गोठविलीं व वितळविलीं. पाहतात तों पांचही हजर, १ : ४ : ६ : ४ : १ या प्रमाणांत! प्रत्येक रेणु चार तुकड्यांचा आणि तुकडे दोनच जातींचे, एक हृदयांत प्रबळ, दुसरी हातापायांच्या स्नायूंत. मग जुळण्या पांचच होणार. आमच्या मतें साऱ्या प्रकरणांतील रत्न तें हेंच. कोंबडीच्या छातींत बहुतेक सारी स्नायूंची जात आढळते, तर दीर्घकाळ उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातींत हृदयाची.

या पांडित्याची किंमत आम्हांस काकांच्या दुखण्यांत कळली. छातींत कळ येऊन गेली, तरी त्यांनीं ती खांद्याच्या उसणीवर ढकलली आणि चवथ्या दिवशीं डॉक्टरांस दाखविलें. तोंपर्यंत रक्तांतील इतर खुणा ओसरल्या होत्या. एरव्हीं रक्तांत दुसरें रूप पहिल्याहून अधिक असतें. काकांच्या रक्तांत हृदयाचें पहिलेंच वर चढलेलें निघालें. निदान ठरलें व उपचार सुरू झाले. आतां त्या तपासणीची जागा ट्रोपोनिन नांवाच्या दुसऱ्याच प्रथिनानें घेतली आहे. काका त्यानंतर अकरा वर्षें जगले.