अंधाराला सरावलेले डोळे

माझ्या प्रयोगाची सुरुवात काहीही न करण्याने होते. दार लावायचं, दिवे मालवायचे आणि आलेल्या माणसासोबत अर्धा तास काळोखात बसायचं. डोळ्यातल्या शंकूपेशी दहाएक मिनिटांत अंधाराला सरावतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना मात्र अर्धा तास तरी लागतो, उतारवयात त्याहून अधिक. कंटाळून लवकर सुरुवात केली, तर पुढच्या आकड्यांना अर्थच उरत नाही. दाराखालच्या फटीतलं काळं कापड, संगणकाच्या बारीक दिव्यावरची चिकटपट्टी, या सगळ्याला मी फार जपते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते मला १९४२च्या एका शोधनिबंधाने शिकवलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना हिरवट प्रकाशाची चमक दाखवली, सेकंदाचा हजारावा भाग टिकणारी. डोळ्यापर्यंत ५४ ते १४८ फोटॉन पोचले, तरी ती निम्म्याहून जास्त वेळा दिसायची. वाटेतली गळती वजा जाता दंडपेशींनी टिपलेले फोटॉन निघाले ५ ते १४. ते सुमारे ५०० पेशींवर विखुरलेले, म्हणजे एका पेशीला जागं करायला एक फोटॉन पुरतो! पेशीच्या आतली गोष्ट त्यांनी पेशीला हात न लावता, माणसांना विचारून शोधली. या विद्येवर माझा जीव जडला तो इथे.

मी मात्र ‘दिसलं का?’ असं विचारत नाही. कुणी जरासा भास झाला तरी ‘हो’ म्हणतं, कुणी खात्री पटेपर्यंत तोंड उघडत नाही. नजर दोघांची सारखीच असू शकते. म्हणून दोनदा बीप वाजतो, चमक त्यातल्या एकाच वेळी असते. पहिल्या की दुसऱ्या, तेवढं बटण दाबून सांगायचं. लागोपाठ दोन उत्तरं बरोबर आली की चमक आणखी मंद, एक चुकलं की थोडी ठळक. असं खालीवर करत ती सुमारे ७१ टक्के बरोबर उत्तरांपाशी रेंगाळते.

तिथे पोचलेली माणसं हमखास धीर सोडतात. ‘बाळ, मला काहीच दिसत नाहीये, उगाच आपलं दाबतेय,’ एक काकू म्हणाल्या. ‘चालेल काकू, तसंच दाबत राहा.’ आणि त्या दहातल्या सात वेळा बरोबर सांगत होत्या. मध्येच विचारायच्या, ‘बरोबर आलं का गं?’ आपल्याकडे कुठल्याही चाचणीची परीक्षा होते. माझ्या आवाजातला जरासा आनंदही त्यांच्या पुढच्या उत्तरात उतरला असता. म्हणून एकाच सुरात बोलायचं, पण तुटक वाटू द्यायचं नाही. एलईडीचा प्रकाश मोजायला कुणालाही शिकवता येतं. हे बोलणं शिकवणं, माझ्या मते, या कामातलं सगळ्यात अवघड आहे.

नंतर दिवा लावून मी काकूंना त्यांचा आलेख दाखवला. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, ‘मला दिसलं नाही, मग ओळखलं कसं?’

हल्ली प्रत्येक उत्तरानंतर मी आणखी एक प्रश्न जोडला आहे: किती खात्री वाटते, १ ते ४ मध्ये सांगा. निव्वळ अंदाज म्हणून १ दाबलेल्या उत्तरांचा वेगळा आलेख काढते. काहींचा तो ५० टक्क्यांच्या आसपास सपाट राहतो, काहींचा स्पष्ट वर चढतो. हा फरक डोळ्यातला, की खात्री मान्य करण्याच्या सवयीतला, हे तपासायला तीच माणसं पुन्हा बोलवायची आहेत.