सुई आखूड झाली, अंतर कधी कमी होणार?

“दंडाला पट्टी लावा, हार्ट अटॅक आधीच कळेल” असा मेसेज सध्या आपल्या तालुक्यात फिरतोय. चार-पाच जणांनी मलाही पाठवला, ‘हे खरं का हो?’ म्हणून. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यात तथ्य आहे, पण मेसेजमध्ये म्हटलंय तेवढं नाही. मायक्रोनीडल म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही आखूड सुया. छोट्याशा पट्टीवर अशा कितीतरी बसतात. त्या कातडीच्या वरच्या थरातच थांबतात, म्हणून दुखणं जवळपास नाहीच. तिथं पेशींच्या अवतीभोवती जो द्रव असतो, त्यात रक्तातल्या आजाराच्या बऱ्याच खुणा सापडतात. अडचण अशी, की हा द्रव मिळतो थेंबभरही नाही आणि त्यातली प्रथिनं बरेचदा रक्तापेक्षा विरळ असतात.

2021 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात श्रीकांत सिंगमनेनी यांच्या गटानं त्यावर तोड काढली. सुयांवरच्या अँटीबॉडी हवं ते प्रथिन पकडून ठेवतात. पट्टी काढली की त्यावर धातूच्या अतिसूक्ष्म कणांचा चमकणारा रंग चढवायचा. नेहमीच्या रंगापेक्षा खूण सुमारे 1,400 पट उजळ दिसते. पण हा प्रयोग झाला उंदरांवर. तेव्हा हार्ट अटॅक ओळखणारी पट्टी कुणी आज विकायला आणली, तर एक रुपयाही देऊ नका.

मग मी एवढं का लिहितोय? गेल्या वर्षी मामांच्या छातीत दुखायला लागलं. ईसीजी नॉर्मल आला. अटॅकच्या सुरुवातीला तसा येऊ शकतो, म्हणून ट्रोपोनिन ही रक्ताची टेस्ट लागते. ती गावात नव्हती, तालुक्यालाही नव्हती. 60 किलोमीटर गाडी पळवली. मामा वाचले, पण सगळ्यांनाच रात्री गाडी मिळत नाही.

ट्रोपोनिन तपासायचं छोटं किट आजही मिळतं. त्याला ना नवा शोध लागतो, ना अमेरिका. लागतं ते किट वेळेवर पोचणं आणि ते वापरणारा माणूस जागेवर असणं. हे जमलं नाही, तर उद्या मायक्रोनीडलची पट्टी आली तरी तीही जिल्ह्याच्याच कपाटात पडून राहील.

तुमच्या गावापासून ट्रोपोनिनची टेस्ट किती किलोमीटरवर होते? रात्री होते का? गावाच्या नावासकट खाली लिहा. यादी करतोय. ती घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना भेटणार आहे.