सर्पदंशाचा खेळ

पोशीरच्या भातखाचरात धाकट्या भावाला साप चावला, तेव्हा आम्ही मांत्रिकाकडे धावलो. तो वाचला नाही.

यंदा सुटीत नात 'स्क्रॅच'वर खेळ रचीत होती; एमआयटीने २००७ मध्ये मुलांसाठी खुले केलेले हे मोफत संगणकीय साधन. विषय मीच सुचविला. तिने आधी साप मारण्याला गुण ठेवले. मी म्हणालो, "अगं, त्यातच वेळ जातो." मग नियम बदलले: जखम कापायची नाही, दोरी आवळायची नाही, पाय स्थिर ठेवून रुग्णालयातील प्रतिविष लवकर गाठायचे. मांत्रिकाची वाटही माझ्या आग्रहास्तव राहिली. तिथेही घड्याळ चालूच असते.

पहिल्या डावात माझे बोट, का कोण जाणे, तिकडेच वळले.